एकशे वीस तास

वहीत चार रकाने: तारीख, काम, तास, सही.
मानवतच्या कॉलेजात आल्यापासून
माझी सेवा या चार रकान्यांत मावते.

दोन ऑक्टोबर. परिसर स्वच्छता. चार तास.
(झाडलं दीड तास.
बाकीचा वेळ बॅनर सरळ करण्यात गेला.)

वृक्षारोपण. पाच तास.
खड्डा गेल्या वर्षीचाच, आळंही तयार,
रोप तेवढं नवं.
शिपाई गैबूमामा म्हणाले,
"लई नशीबवान खड्डा हाय, पोरी,
दरसाल लगीन लागतंय त्याचं."

सात दिवसांचं शिबिर. सत्तर तास.
अकरा शोषखड्डे खणले आम्ही, खरोखर खणले,
तळहाताला फोड आले तेव्हा
मला स्वतःचा जरा अभिमानच वाटला.
निघताना चंद्रकलाबाईंनी
ट्रॅक्टरपाशी येऊन विचारलं,
"आता कवा यायलाव?"
"पुढल्या वर्षी," आम्ही एका सुरात.
पुढल्या वर्षीसाठी यादीत दुसरं गाव आलं.
दत्तक घेतलेलं गाव
असं बदलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

फेऱ्या, व्याख्यानं, रक्तगटाच्या चिठ्ठ्या.
बेरीज एकशे सतरा.
"तीन तासांसाठी काय अडतंय," सर म्हणाले,
"लेखनिक हवाय एक. पेपर तीन तासांचाच आहे."

म्हणून गेले. तीन तासांसाठी गेले,
हे आधीच सांगून टाकते.

भीमाशंकर घनसावध, तिसरं वर्ष, इतिहास.
स्टाफरूमच्या बाजूची खोली, एक पंखा,
एक पर्यवेक्षक, अर्धवट झोपेत.
तो सांगायचा, मी लिहायची.
स्वल्पविराम कुठं द्यायचा तेही सांगायचा.
माझं अक्षर कसं आहे, हे त्यानं विचारलं नाही.
मीच म्हणाले, "बरं आहे."
"असू दे," तो हसला, "मला तर छानच दिसतंय."

प्रश्न चौथा. मुक्तिसंग्राम.
तो भरभर बोलत होता, गावांची नावं, रेल्वेचे रूळ,
त्याच्या पणज्यानं पेवात लपवलेली माणसं,
आणि मग: "सतरा सप्टेंबर एकोणीसशे सत्तेचाळीस."

पेन थांबलं.
मी थांबवलं नाही. शपथेवर सांगते, थांबवलं नाही.
पहिलीपासून दर सतरा सप्टेंबरला
झेंड्याखाली उभा राहिलेला हात होता तो,
त्यानं सात लिहायला नकार दिला.

नियम असा की सांगेल तेच लिहायचं.
माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.
खोलीत फक्त पंखा,
आणि पेनाचा न येणारा आवाज.

भीमाशंकरनं मान जराशी कलती केली,
पाखरू कुठं बसलंय ते ऐकावं, तशी.
"खोड ते," म्हणाला. "अठ्ठेचाळीस."

मी खोडलं. लिहिलं.
पर्यवेक्षकांनी जांभई दिली.

ही मदत होती की कॉपी?
बसस्टँडपर्यंत विचार करत गेले.
विचारलं असतं तर कोणाला,
सर तर म्हणाले असते, तास भरले ना?

चहाचे पैसे त्यानंच दिले,
नाणी बोटांनी मोजून, एकही न चुकता.
"तुला काय मिळतं याचं?"
"तीन तास," मी म्हणाले, आणि लाजले.
"बरं. मग ह्या चहाची पंधरा मिनिटं
माझ्या नावावर मांड."

गंगाखेडची गाडी लागली.
हात धरून चढवावं म्हणून पुढं झाले,
तर तो केव्हाच चढून
खिडकीची जागा पकडून बसलेला.

वही अजून दिलेली नाही.
तारीख लिहिलीय, काम लिहिलंय.
तासांच्या रकान्यात पेन टेकवते
आणि ते पुन्हा थांबतं.
या वेळी ऐकणारं कोणी नाही.