खिडकी, तिसरा मजला

आमच्या शहराला स्वतःचा चेहरा आहे,
पण बहुतेक तो भाड्याने दिलेला असतो.
मागच्या शरदात दोन आठवडे आम्ही पॅरिस होतो,
त्याआधी व्हिएन्ना, त्याआधी एक बंदर.
समुद्र इथून पाच तासांवर.
नायसे नदीवर धुक्याची यंत्रं लावून
त्यांनी भागवलं.

पुलापलीकडे पोलंड. तिकडची माणसं
गर्दी म्हणून येतात, दिवसाला नव्वद युरो आणि सूप.
इकडचीही गर्दी म्हणूनच येतात.
संपातल्या गोळीबारात पडलेल्यांमध्ये
माझे भूगोलाचे मास्तर होते.
मेल्यावर त्यांनी चष्मा सरळ केला,
म्हणून सगळ्यांना पुन्हा मरावं लागलं.

नाट्यगृह आता आठवड्यातून तीनच रात्री उघडतं.
एरवी मेख्टिल्ड तिथल्या मशीनवर युद्धं शिवते,
सध्या चाळीस ओव्हरकोट, पराभूत बाजूचे.
'नवं काय कोणीही शिवेल,' ती म्हणते
आणि कोपरांवर विटेचा तुकडा घासत राहते.

ओर्टविन पाट्या रंगवतो.
चार देशांतल्या बेकऱ्या त्याच्या हातच्या,
एक शवागार, दोन पोलीसचौक्या.
त्याच्या स्वतःच्या दुकानावर मात्र
आता फक्त 'ओर्ट' एवढंच वाचता येतं.
आमच्या भाषेत ओर्ट म्हणजे ठिकाण.
कुठलं, ते पावसाने नेलं.

मी तिकिटं फाडतो. एकशे बारा खुर्च्या,
त्यातल्या सात मोडक्या.
आमच्या शहरातला सिनेमा लागला
की गोष्ट कोणीच बघत नाही.
नायिका हुंदके देत असते
आणि मागून कोणीतरी ओरडतं, 'अगं, आपली पन्हळ!'

रोझविताबाई ओरडत नाहीत.
पाचवी रांग, कडेची खुर्ची,
अंगातला कोट अंगातच.

ते चित्रीकरण जानेवारीतलं. रस्त्यावर कागदाचा बर्फ,
दाराखालून सरकवलेली चिठ्ठी:
रात्री दहा ते चार दिवे मालवावेत,
पडदे काढावेत, खिडकीत कोणी दिसू नये,
भरपाई चाळीस युरो.
गोटहार्ड आयुष्यभर रेल्वेच्या डब्यांचा फिटर,
कोणाचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हे.
पण पैसे घेतले होते,
म्हणून खुर्ची टाकून अंधारात बसला.
बसला, आणि सिगारेट पेटवली.
'परत मागतील हं चाळीस,' बाई म्हणाल्या.
'मागू देत.'

पडद्यावर साल एकोणीसशे अकरा.
घोडागाडी वळते, कॅमेरा भिंतीवरून वर चढतो,
सगळं घर काळंभोर,
आणि तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून दुसरी खिडकी,
एक लाल ठिपका.
एकदा फुलतो. मंदावतो.
चार सेकंद.
इतक्या तज्ज्ञ डोळ्यांतून तो कसा सुटला कोण जाणे.

गोटहार्ड एप्रिलमध्ये गेला. सिनेमा नोव्हेंबरात आला.
बाई नऊ वेळा आल्या,
दर वेळी सुट्टे मोजून,
दर वेळी एक्केचाळिसाव्या मिनिटाला उठून बाहेर.
शेवट काय होतो, त्यांना माहीत नाही.

बुधवारी, शेवटच्या खेळाआधी,
मी युरीला विचारलं, तिथे थांबवता येईल का जरा?
प्रोजेक्टरची काच पुसत तो म्हणाला,
येईल की. पण थांबवला
तर नुसता ठिपका राहील. झुरका जाईल.

चालू दिलं.

बाहेर थंडी. ओर्टविन शिडीवर,
औषधांच्या दुकानाला परक्या भाषेत बुडवत.
बाई खाली थांबल्या, मफलर घट्ट केला.
'आता कुठे आपण?'
'बुडापेस्ट. सोमवारपासून.'
'दिवे मालवायचे आहेत का?'
ब्रश दातांत धरून त्याने वरच्या खिडक्यांकडे पाहिलं.
'अजून काही कळवलं नाही,' तो म्हणाला.