उसनी

सोहारच्या इस्पितळात तळमजल्यावर
उणे ऐंशीचा एक फ्रीझर आहे.
किल्ल्या दोनच, एक मारिसेलकडे, एक माझ्याकडे.
बाहेर शेहेचाळीस.
आत एका बाईची हातभर कातडी.

पाकिटावर नाव नसतं.
नंबर, रक्तगट, स्त्री, वय चौपन्न,
कुठल्या तारखेपर्यंत वापरावी.
दुधाच्या पिशवीवर याहून जास्त लिहिलेलं असतं,
असं मी पहिल्या वर्षी म्हणाले होते.
आता म्हणत नाही.

अन्वर पेवेकर, वेल्डर, गाव दाभोळच्या खाडीपलीकडचं.
तो टाकीत उतरला तेव्हा टाकी रिकामी होती,
असं कागदावर आहे.
छाती, गळा, दोन्ही हात.
त्याची स्वतःची उरली होती ती मांड्यांवर,
आणि ती निम्म्यालाही पुरेना.

पाकीट कोमट सलाइनमध्ये सोडलं.
बर्फ गेला तशी ती मऊ होत गेली,
वाफेवरून सोडवलेल्या तांदळाच्या फेणीसारखी,
आणि कडेला, दिव्याखाली, दिसल्या
बारीक चंदेरी रेघा,
ताणून पुन्हा सैल पडल्याच्या.
बाळंतपण झालेलं होतं बाईचं. एक तरी.
डॉक्टर सालिमनी विचारलं, काय बघतेस?
म्हटलं, काही नाही, बुडबुडा होता.

मशीनच्या दात्यांतून फिरवली
की तिचं जाळं होतं, बारीक आसाचं.
अन्वरचा बाप पाग फेकतो,
हे त्यानंच सांगितलेलं, भूल चढता चढता.
त्याच्यावर ते पसरलं, स्टेपल मारले,
एकशे बारा.
मोजणं माझं काम.

आठव्या दिवशी त्यानं विचारलं,
"ताई, ही कुणाची?"
माहीत नाही.
"आपल्यातल्या कुणाची?"
माहीत नाही म्हटलं ना.
"बाप्याची, का..."
मी ड्रेसिंगची पट्टी फाडली, जरा मोठ्यानं.
तो गप्प पडून राहिला. मग म्हणाला,
"खाज येते. तिला येते का मला, समजत नाय."
मराठीत कातडी बाईच असते.
तेवढ्यावर निभावलं.

सतराव्या दिवशी कडा काळ्या पडल्या.
हे व्हायचंच असतं. शरीर पाहुण्याला
काही दिवस जेवू घालतं, मग ओळखतं.
तोवर खाली त्याची स्वतःची जागा
लाल, ओलसर, तयार झालेली असते.
चिमट्यानं उचलली तर अलगद आली,
ओढावी लागली नाही.
ट्रे. पिवळी पिशवी. भट्टी.

तिचं तिकडे जे काय व्हायचं ते कधीच झालं असेल,
पुरणं किंवा जाळणं,
तेरावं किंवा चाळिसावं.
घरच्यांना कुठून कळणार
की ती थोडी मागे राहिली होती
आणि आज सोहारमध्ये,
दुपारी साडेतीनला, गेली.
समुद्रावरून दमट वारा होता.
धूर वर चढायला तयार नव्हता.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी
अन्वरनं बायकोला फोन लावून माझ्यासमोर धरला.
मेहमूदा रडत होती, मागे कोंबड्या.
"बाय, माझ्या कातड्याचे जोडे करून
तुमच्या पायात घातले तरी..."
आणि थांबली.
शब्द तिचा तिलाच ऐकू आला.
अन्वर हसायला लागला,
गळ्याची नवी कातडी ओढेपर्यंत हसला.
मी खाली पाहिलं.
माझ्या पायांत हिरवे रबरी क्लॉग,
डाव्यावर आयोडीनचा डाग.

बँकेकडे एक फॉर्म परत जातो.
पाकीट क्रमांक. वापरली, होय. उरली, नाही.
शेरा या रकान्यात सगळे 'समाधानकारक' लिहितात.
मीही लिहिलं.
पुढे एक स्वल्पविराम दिला,
आणि पेन तसंच धरून बसले.
मारिसेल दारातून म्हणाली,
चल, सहाची बस जाईल.