तीळ भाजताना

गुलूच्या केंद्रात, लाकेरच्या फायलीवर
आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलंय :
बोलत नाही. अंगावर येते.
सहा वर्षं जंगलात, बंदूकवाल्यांकडे.

आम्ही विचारलं, रात्री जे येतं
त्याला नाव काय द्यायचं?
बराच वेळ ती चटईची काडी सोलत राहिली.
मग म्हणाली, पहारेकरी.
भांडं पडलं की उठतो.
माझ्या लेकरालाही रांगेत उभं करतो.

आणि त्याला दार सापडत नाही, असं कधी होतं?

तीळ भाजताना.
तडतड ऐकावी लागते. कान जरा हलला
की करपलेच.
मावशीनं शिकवलं होतं, पळवून नेलं त्याच्या आधी.

म्हातारी आलान्यो,
जिचा भाऊ त्याच जंगलानं गिळला,
जी चार महिने लाकेरच्या चटईवर बसली नव्हती,
ती पुटपुटली : माझे तर दरवेळी करपतात.
कुणीतरी फिसकन हसलं.
लाकेरही, तोंडावर हात धरून.

पुढच्या बुधवारी आलान्यो फडक्यात तीळ बांधून आली.

फायलीतला रकाना दोन बोटांचा.
जुनं खोडलं, लिहिलं :
तिखट कानांची.
तिला वाचून दाखवलं.
मावशीचं नाव राहिलं, म्हणाली.