उंबराचं पाणी

पट्टे बांधा म्हणतात, आणि मी खिडकीला नाक लावते,
बावन्न वर्षांची बाई, शेजारचं पोर गालात हसतं.
खाली निळी ताडपत्री, निळी ताडपत्री, एक भिंत,
मग एकदम सगळं करडं, सपाट.
चाकं टेकतात
ती आमच्या भातशेतावर.
नक्की कुठं, ते आता कोण सांगणार?
इनास आजा म्हणायचा, दुसऱ्या दिव्याच्या खाली.
कधी म्हणायचा, तिसऱ्या.
थोडी जास्त झाली की अख्खी धावपट्टी त्याची.

कुवेतहून साडेतीन तास. टॅक्सी दहा मिनिटं.
ड्रायव्हर कपाळावर हात मारतो,
"तीन तास रांगेत काढले, आणि तुमचं घर इथंच?"
इथंच, दादा. आधी आमचं घर,
मग तुमची रांग.
चार खजूर देते. खातो, पण बोलत नाही.

पास्कलच्या दारात मांडव, पताका, भाड्याच्या खुर्च्या,
आणि रेमेडिया आत्या, कोपरापर्यंत पिठात.
"कवा आयलीस गो? हात धू. फुगे तळायचेत."
चार वर्षांनी भेटतोय आम्ही.
उद्या शॅरलचं लग्न. आज पाण्याला जायचं.

पाच वाजता बँड येतो, चौघंच,
ट्रंपेटवाल्याला दुसरीकडे आठ वाजता जायचंय.
लाल लुगडी, कळशी, मधेच रिक्षा घुसते,
आम्ही नाचत नाचत तिला वाट देतो.
उंबर पडला मी शाळेत असताना. नाव तेवढं राहिलं.
विहीर आहे. विहिरीवर स्लॅब आहे.
स्लॅबवर बोलेरो उभी आहे,
आणि तिची किल्ली घेऊन मालक पुण्याला गेलाय.

कोणी म्हणतं, बाटलीतलं ओता ना, काय फरक पडतो.
आत्या वळून बघते त्याच्याकडे.
"पोरीला न्हाऊ घालायचीय,
का गोळी गिळायला पाणी देतोस?"

गाडीखाली एक भोक आहे, मुठीएवढं,
जुन्या मोटारीचा पाइप जायचा तिथून.
धाकटा रेगन मांजाची फिरकी आणतो,
अर्ध्या लिटरची बाटली, बुडाला बांधलेला नट.
आणि सगळे माझ्या हातांकडे बघतात.

मी पालथी पडते, नव्या लुगड्यानिशी,
डांबरावर, ऑइलच्या डागावर.
एकोणतीस वर्षं परक्या माणसांच्या शिरा शोधल्या,
म्हाताऱ्यांच्या, सुकलेल्या, आत पळणाऱ्या.
डोळ्यांनी नाही सापडत त्या. बोटानं थांबावं लागतं.
मांजा सुटत जातो. गार वास वर येतो.
बँड गप्प. आत्या म्हणते, "आवाज ऐक."
नेमकं तेव्हाच विमान येतं, पोट घासत जाणारं,
कोणाला काही ऐकू येत नाही,
माझ्या ओठांवर धूळ, वर गाडीचं काळं पोट,
आणि मग तर्जनीला
ओझं लागतं.

चहाच्या रंगाचं. अर्धी बाटली.
पोरं टाळ्या पिटतात, ट्रंपेटवाला घड्याळ बघत फुंकतो.
पुन्हा सोडली, पुन्हा. सहा खेपांत कळशीचा तळ झाकला.
शॅरल डोकावून म्हणते, "आत्या, हे माझ्या डोक्यावर?"
"थोडंच," म्हणते रेमेडिया, आणि सगळं ओतते.

लग्न झालं. फुगे उरले. फोटोत मी कुठंच नाही,
सगळ्या फोटोंत कोणीतरी मला हाक मारत असावं.

बुधवारी पहाटे पर्समध्ये ती बाटली सापडते,
तळाला दोन बोटं पाणी.
तपासणीवरचा पोरगा अदबीनं म्हणतो,
मॅडम, पाणी नाही चालणार.
"पिऊन टाका नाहीतर ओता."
कुठं ओतू?
तो एका कुंडीकडे बोट दाखवतो, कसलं तरी रुंद पानांचं झाड.

ओतते.
दुसऱ्या दिव्याखाली असेल, नाहीतर तिसऱ्या.
मागची माणसं सरका म्हणतात.