उसनवारीची वही

आमच्या लॅबमध्ये फ्रीझरच्या दाराला
सुतळीने बांधलेली एक वही आहे.
कुणी कुणाकडून काय नेलं ते तिच्यात लिहायचं:
ट्रिस दहा ग्रॅम. टिप्सचा एक डबा.
मॅग्नेशियम क्लोराइड, चिमूटभर (खरंच असंच लिहिलंय).
'परत' या रकान्यात
बहुतेक ठिकाणी शाई नाही.

चौदा नोव्हेंबर, माझं अक्षर:
फॉस्फोक्रिएटिन, चाळीस मिलिग्रॅम,
शिवांगी दवेकडून, खोली नऊ.

आमची बाटली खरेदी विभागात अडकली होती.
तीन कोटेशनं, एक सही, मग सहीवालेच रजेवर.
ती म्हणाली, लई जा ने, पण पाछुं आपजे हां,
आणि बर्फात रोवून दिली
बोटाच्या पेराएवढी कुपी,
आत पिठीसाखरेसारखं काहीतरी.
मी डबा दोन्ही हातांनी धरून जिना उतरले,
शेजारून विरजण आणावं तशी.

पहिल्या खेपेला बफर आंबट झालं. पी-एच चार.
वर रात्रभर टेबलावरच विसरले.
वीस मिलिग्रॅम पाण्यात गेले.
हे वहीत नाही.

दुसऱ्या खेपेला नीट.
उंदराच्या स्नायूंच्या पेशी, डिजिटोनिनने भोकं पाडलेल्या,
तीनदा धुतलेल्या,
होतं नव्हतं ते एटीपी वाहून गेलेलं.
वर एडीपी घातलं: दोन फॉस्फेट अंगावर,
तिसऱ्याची जागा रिकामी,
महिनाअखेरच्या नोकरदारासारखं.
मग काजव्याचं एन्झाइम. मग यंत्राचं झाकण.
एकशे दहा. एकशे बारा. एकशे नऊ.
मग शिवांगीच्या कुपीतले दहा मायक्रोलिटर,
आणि आकडा उठला,
हजार, नऊ हजार, चाळीस,
झाकणाआड उजेड पडला असणार.
मी फक्त आकडे पाहिले.

बाबा दांडिया बाजारात पतपेढीत कारकून होते.
म्हणायचे, कर्जाला कागद पुरतो,
हातउसन्याला माणूस लागतो.
फॉस्फेटचंही तसंच.
एन्झाइमच्या खोबणीत दोघं समोरासमोर बसली
तरच ते या हातातून त्या हातात जातं.
सांडलं तर सांडलं, मग कुणाचंच नाही.
आणि देऊन रिकामं झालेलं क्रिएटिन
नळीतच असतं शेवटपर्यंत,
आलेखाच्या कुठल्याही अक्षावर नसतं.

त्या संध्याकाळी पुलावर स्कूटर थांबवली.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
तोंड उघडं, हलत नव्हती.
तिच्या शेपटीतही हेच साठवलेलं असतं,
एका झेपेपुरतं. काही सेकंद.
बाकी सगळा दिवस पडून राहायचं.

बाटली जुलैत आली. एक ग्रॅम.
तोवर शिवांगी आणंदला, डेअरीत नोकरीला.
तरी मी चाळीस मिलिग्रॅम तोलले,
काट्यावर श्वास रोखून,
कुपीवर तिचं नाव घातलं
आणि कळवलं, तुझं ठेवलंय.
तिचं उत्तर: शेनुं?

काल यशोधन घोरपडे आला, पहिल्या वर्षाचा,
कोपरापर्यंत बाह्या, कानामागे मार्कर.
मॅडम, थोडं फॉस्फोक्रिएटिन मिळेल? आमची ऑर्डर अजून...
मी शिवांगीची कुपी काढून दिली.
तो वहीपाशी गेला. कुणाकडून लिहू?
शिवांगी दवे, खोली नऊ.
पण नऊमध्ये तर आता सेंट्रिफ्यूज आहे, मॅडम.
लिही.

'परत'च्या रकान्यावर त्याचं पेन थोडं अडलं.
मी म्हटलं, ते राहू दे,
आधी पी-एच बघ. सात. सव्वासात चालेल.
आणि बर्फातून काढायचं नाही,
टेबलावर तर अजिबात नाही.
तो म्हणाला, माहितेय.
तेव्हा मलाही माहीत होतं.