झोका मारणं

पहिल्या शुक्रवारी चौदा मिनिटं उडवलं
आणि रात्री खोलीवर पाहताना मलाच मळमळलं.
क्षितिज डावीकडे कललेलं, खाडी भेलकांडत चाललेली,
ऐजाचं दीपगृह घटकेत चौकटीत, घटकेत बाहेर,
जणू कुणी दारूडा मान टाकत गाव बघतोय.
तळाला, रेतीत, एक चकचकीत ठिपका.
मोठा करून पाहिला.
माझं टक्कल.

सुनोज म्हणाला, चेट्टा, तू क्रेनवाला ना?
वर केबिनमध्ये असाच हात झटकतोस?

लाज वाटली.
तीन टन सळई उचलताना माझा हात
दुधावरची साय काढावी तसा चालतो.
भार झुलायला लागला तर त्याला उलटं ओढायचं नसतं,
त्याच्या मागोमाग जायचं,
बरोबर त्याच्या डोक्यावर पोचायचं,
की झोका आपसूक मरतो.
हे मी शिकवलंय पोरांना, दोन शिव्या घालून.
आणि इथे पाव किलोचं प्लास्टिकचं पाखरू,
तर अंगठे नुसते वखवखलेले.

दुसऱ्या शुक्रवारी सरळ वर नेलं.
जन्म वर बसून गेला तरी बोट आधी वरच गेलं.
तिथून सूर म्हणजे ओट्यावर सांडलेली साखर,
माणूस नाही, बकरी नाही, वाळत घातलेलं जाळं नाही.
वाऱ्याने बॅटरी खाल्ली,
परत येताना यंत्र इतकं रडलं
की किनाऱ्यावरची पोरं टाळ्या पिटत माझ्यामागे धावली.

मग वहीत लिहिलं, सिमेंटच्या हिशेबाच्या मागच्या पानावर :
खजुरीच्या शेंड्याएवढंच चढ.
पुढे जायचं तर नुसतं पुढे जा. वळायचं तर आधी थांब.
लेन्सला काळी काच लाव, इथलं ऊन पांढरं धुऊन टाकतं सगळं.
कल्हातच्या टाक्यांकडे तोंडसुद्धा करू नकोस.
परवान्याचा कागद खिशात.
आणि टोपी घाल.

चौथ्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला
गलबतांच्या कारखान्यामागे उभा होतो.
यंत्र खाडीवर, मी त्याला काय करायला लावू या विचारात,
तेवढ्यात म्हातारा खल्फान काहवा घेऊन आला.
पेला उजव्या हातानेच घ्यायचा असतो.
रिमोट ठेवला खाली, एका उलट्या होडीच्या पोटावर.
पेला हलवला नाही तर ते ओततच राहतात,
हे मला ठाऊक आहे. बावीस वर्षं झाली.
पण त्याच्या सुनेला बाळ झालं होतं, तो सांगत होता,
मधेच पेला कसा हलवायचा?
तीन पेले झाले.

रात्री पाहिलं.
चौकट जागची हललेली नाही.
हिरवं पाणी. बराच वेळ नुसतं पाणी.
मग उजव्या कोपऱ्यातून एक मचवा आला,
कुणी न बोलावता,
आणि डाव्या कोपऱ्यातून निघून गेला.
त्याच्या मागची लाट उघडत उघडत काठाला पोचली,
तिथे बांधलेल्या होड्यांनी एकेक करून
मान डोलावली.
शेवटची जरा उशिरा.

शमिकाला पाठवलं चिपळूणला.
तिचा निरोप आला : बाबा, हे छान आहे.
यात तुम्ही काय केलंत?
मी लिहिलं, काहवा प्यायलो.
तिने हसरा चेहरा पाठवला. तिला गंमत वाटली.

रविवारी शिडी चढून केबिनमध्ये बसलो.
पहिला भार उचलला, वाऱ्यावर जरा झुलला,
त्याच्या डोक्यावर गेलो, थांबलो.
खाली वायरलेसवर सिग्नलवाला गुरमीत ओरडत होता,
ताऊ, सो गए क्या?
मी आकडे मोजत होतो.
सात. आठ.