शर्जी

बंदर कोंगला दुपारी दोनच्या सुमारास
समुद्र उठून घरात येतो.
दार वाजवत नाही.
आधी चष्म्याच्या काचेवर बसतो,
मग मिठाच्या बरणीत,
मग माणसाच्या मानेवर
ओल्या कुत्र्यासारखा पाय पसरून.
दर्याकाठचे लोक ह्या हवेला शर्जी म्हणतात,
घरातल्या नकोशा पाहुण्याचं नाव घ्यावं तसं, दबक्या आवाजात.

गानेम एसी दुरुस्त करतो.
ह्या दिवसांत त्याला नाखव्यापेक्षा जास्त मान.
त्याची शिडी वळणावर दिसली
की पोरं ओरडत सुटतात, आला, आला!
गच्चीवरच्या तापल्या पत्र्यावर गुडघे टेकून
तो कॉम्प्रेसरच्या छातीला कान लावतो.
स्क्रू बोटांतून निसटतात, मासोळीसारखे.
शर्ट काढतो, पिळतो, परत घालतो.
खाली कुणी पाण्याचा पेला धरून उभं.
पेल्यालाही घाम फुटलेला.

रात्री मोझाचा फोन.
ती यज्दला शिकते, वाळवंटाच्या पोटात.
"बाबा, इथे घाम दिसायच्या आत पळून जातो.
ओठ फुटलेत. नाकातून रक्त येतं.
ओढणी धुऊन दोरीवर टाकली
आणि पाठ फिरवली, तेवढ्यात तिचा पापड."
"नशीब काढलंस.
माझी परवा धुतलेली लुंगी
वाळावं की नाही, अजून विचार करतेय."
"आमच्या खिडकीत गवताचा कूलर आहे.
बादलीभर पाणी ओतलं की हुडहुडी भरते."
"इथे कूलर लावणं म्हणजे
बुडणाऱ्याला पाणी पाजणं."
असं रोज.
बाप-लेक आपापल्या उन्हाळ्याचा भाव वाढवत नेतात,
विकत कुणालाच घ्यायचा नसतो.

मंगळवारी रात्री वीज गेली.
गावभर गानेमच्या सगळ्या पेशंटांनी
एकदम मान टाकली.
शांतता इतकी, की लेंज हलल्याचा आवाज
धक्क्यावरून घरापर्यंत.
मग त्याचा फोन वाजू लागला.
तो काय करणार? वीज काय त्याच्या शिडीवर ठेवलेली?
गाद्या गच्चीवर गेल्या. चादरी भिजवल्या.
भिजलेल्या चादरी तशाच भिजलेल्या राहिल्या.
तान्ही मुलं रडायचीही दमली.

जुन्या घरांना एकेक वाऱ्याचा मनोरा होता,
चारी बाजूंनी तोंडं उघडी ठेवून
दर्यावरची झुळूक खाली ओढणारा.
होता म्हणजे अजून आहे. फक्त बुजवलेला.
गानेमनेच बुजवले, एकेक करून:
हे भोक बंद करा, गार हवा पळते.
प्लायवूड, चार खिळे, वर पांढरा रंग.
फक्त खदीजू म्हातारी तेवढी ऐकली नाही,
दोनदा त्याला दारातून परत पाठवलं होतं तिनं.

आज तिच्या मनोऱ्याखाली अर्धी गल्ली बसलेली.
गानेम उंबऱ्याशी घुटमळला.
"ये," ती म्हणाली. "फी लागेल."
"किती?"
"भोक बुजवायचे घेतोस तेवढीच."
बायका हसल्या. तोही हसला, जरा उशिरा.
मग भिंतीला पाठ टेकून बसला.

वारा गार नव्हता.
वारा होता, एवढंच.
मानेवरचं कुत्रं उठलं,
दोन पावलं लांब जाऊन बसलं.

मोझाचा फोन आला तेव्हा बॅटरी चार टक्के.
"उकडतंय का रे बाबा?"
आज त्याला भाव वाढवावासा वाटला नाही.
फोन वर धरला, मनोऱ्याच्या तोंडाखाली,
हात दुखेपर्यंत.
ती काय म्हणाली ते कळलं नाही,
तेवढ्यात स्क्रीन विझली.
अंगणातल्या माडासारख्या उंच खजुरीवर
घोस पिवळे होत होते,
ह्याच हवेवर, कसलीही तक्रार न करता.

पहाटे वीज आली.
पहिल्याच घरी एसी सुरू करून
गानेम शिडीवरून उतरला,
छताकडे बघत म्हणाला,
"बाई, ती फळी काढून देऊ का? पैसे नकोत."
बाई पदराने वारा घेत थांबली.
"वेड लागलंय का तुला?
गार हवा पळेल ना!"